गल्ला रिकामा, गोळी बंद

२०२४ च्या जुलैमधली गोष्ट. आम्ही विहारातल्या चौघी बीपीचं मशीन प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून कुरवंड्याला गेलो होतो. पाऊस असा, की छत्री उघडून उपयोग नाही. टायगर पॉईंटच्या बाजूला एरवी जुलैत गाड्यांची रांग लागते, कणसं भाजल्याचा वास येतो, भज्यांच्या कढया चढलेल्या असतात. त्या दिवशी बहुतेक टपऱ्यांवर ताडपत्र्या बांधलेल्या होत्या आणि एकच शेगडी पेटलेली होती. शेगडीमागच्या ताई आम्हाला गिऱ्हाईक समजून उठून उभ्या राहिल्या. हातातलं मशीन दिसल्यावर हसल्या. म्हणाल्या, "बसा. आज बोहनी तुमचीच."

पट्टा बांधला. १८८ वर ११२. पाच मिनिटं शांत बसवून पुन्हा मोजलं, १८४ वर ११०. डोकं दुखतंय का? छातीत काही होतंय? चक्कर? काही नाही म्हणाल्या. गोळी चालू आहे ना, असं विचारलं.

"होती. संपून वीस दिवस झाले असतील. गिऱ्हाईक सुरू झालं की आणते."

हे वाक्य त्या महिन्यात आम्ही किती जणांकडून ऐकलं, त्याला हिशेब नाही. कोणी बीपीची गोळी थांबवली होती, कोणी शुगरची, कोणी थायरॉईडची. कोणी रोजची गोळी एक दिवसाआड घेत होतं, म्हणजे पत्ता दुप्पट दिवस पुरेल. यातल्या एकानेही घरी सांगितलं नव्हतं.

आम्ही नर्सिंगचा डिप्लोमा करून बरीच वर्षं वॉर्डात काढली. असे पेशंट रोज यायचे. आम्ही केसपेपरवर 'औषधं अनियमित' असा शेरा मारायचो आणि वर चार शब्द सुनवायचो, "गोळ्या का सोडल्या? जिवाची काळजी नाही का?" त्या माणसाची टपरी आहे, टपरी बंद आहे, घरात पाच तोंडं आहेत, हे विचारायची पद्धतच नव्हती. आज त्या शेऱ्याची लाज वाटते. धंद्याची मंदी पेपरात वेगळ्या पानावर येते आणि आरोग्य वेगळ्या पानावर. वस्तीत मात्र दोन्ही एकाच घरात राहतात.

त्या वर्षी काय झालं होतं ते आठवून पाहा. ३० जून, रविवार. भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात पुण्याहून आलेल्या एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. त्यांत लेकरं होती. त्यानंतर जिल्हा प्रशासनाने जुलैअखेरपर्यंत पर्यटनस्थळांवर मनाई आदेश लावले, संध्याकाळी सहानंतर थांबायला बंदी आली, भुशीच्या आसपासच्या टपऱ्यांवर कारवाई झाली. हे आदेश चुकीचे होते असं आम्ही म्हणणार नाही. पाण्यात गेलेल्या लेकरांची बातमी वाचून ज्याच्या पोटात कालवलं नाही, तो माणूस कसला? पण आदेशाच्या कागदावर कणीसवालीचा महिना कुठे लिहिलेला नसतो. तिला ना आधी कोणी विचारलं, ना नंतर.

आणि ही एकदाची गोष्ट नव्हती. २५ मार्च २०२० पासून टाळेबंदी लागली. त्या पावसाळ्यात लोणावळ्याची ठिकाणं पर्यटकांना बंद होती आणि २०२१ च्या पावसाळ्यातही बंद होती. जरा सावरतोय तोवर २०२४. मग १५ जून २०२५ ला कुंडमळ्याचा इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल माणसांसकट कोसळला, जीव गेले आणि पुन्हा निर्बंध आले. मधल्या काळात तेल महागलं, सिलिंडर महागला. गिऱ्हाईक आलं तरी घासाघीस करून एका कणसात दोघं खातात, असं टपरीवाले सांगतात.

इथल्या धंद्याचं वर्षच वेगळं. लोणावळ्याच्या माथ्यावर वर्षाला सरासरी चार हजार मिलीमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि त्या पावसावरच पोट आहे. जून ते सप्टेंबर, त्यातही शनिवार-रविवार. म्हणजे वर्षाची भाकरी जेमतेम पस्तीस दिवसांवर भाजायची. त्यातले चार रविवार गेले तरी वर्ष लंगडं होतं. कुरवंड्याचा घाट म्हणजे कोकणात उतरायची जुनी वाट. १६६१ मध्ये कारतलबखान फौज घेऊन याच वाटेने उतरला आणि खाली उंबरखिंडीत सापडला. पुढे वाट अरुंद, मागे फिरायला जागा नाही. हंगामाच्या तोंडावर उसने पैसे काढून माल भरलेल्या टपरीवाल्याची गत यापेक्षा वेगळी नसते.

धंदा बसला की घरात कात्री लागते, हे सगळ्यांना माहीत आहे. ती कुठे पहिली लागते, तेवढं आम्ही इथे सांगणार आहोत. मुलाच्या फीला लागत नाही. पाहुण्याच्या चहाला लागत नाही. हप्त्याला तर नाहीच, कारण हप्त्याचा माणूस दारात उभा राहतो. कात्री लागते ती जिथून ओरड होत नाही तिथे. म्हणजे गोळीला आणि बाईच्या ताटाला.

बीपी दुखत नाही, हीच त्याची खोड. दात दुखला तर माणूस उधारी करून दवाखाना गाठतो. बीपी १८० झालं तरी माणूस ताठ बसून कणसं भाजतो. गोळी बंद केल्यावर पहिले आठ-दहा दिवस काहीच वाटत नाही, उलट 'बघा, गोळीशिवाय चाललं की' अशी खात्री पटते. आत मात्र रक्तवाहिन्यांवर दाब चढत असतो. मग एके दिवशी सकाळी चूळ भरताना पाणी तोंडाच्या एका कोपऱ्यातून गळतं, हातातला तांब्या निसटतो, बोलणं जड होतं. हा लकवा, मेंदूचा झटका. अशा वेळी अंगारा, तेल, पारव्याचं रक्त यात एक मिनिटही घालवायचं नाही. १०८ ला फोन करायचा आणि 'तोंड वाकडं झालंय, हात उचलत नाही, इतक्या वाजता सुरू झालं' असं स्पष्ट सांगायचं. गाठ विरघळवणारं इंजेक्शन साधारण पहिल्या साडेचार तासांतच देता येतं, आणि त्याआधी डोक्याचा सीटी स्कॅन लागतो. म्हणून तशी सोय असलेल्या दवाखान्यातच न्यायला सांगा. कुरवंड्याहून खाली उतरायला, त्यातून रविवारच्या गर्दीत, किती वेळ लागतो ते तुम्हाला आमच्यापेक्षा चांगलं माहीत आहे.

आता हिशेब करा. बीपीच्या साध्या गोळीचा, म्हणजे अॅम्लोडिपिनसारख्या गोळीचा, महिन्याचा खर्च जनऔषधी दुकानात फार नसतो. आरोग्य केंद्रात तर ती फुकट मिळते. तेवढे वाचवायला जावं आणि लकव्याने टपरी सहा महिने बंद पडावी, शिवाय सांभाळायला घरातलं दुसरं माणूस कामावरून बसावं, हा कुठला व्यापार? एका माणसाच्या धंद्यात तो माणूस हेच भांडवल असतं. शेगडी मोडली तर दुसरी आणता येते.

शुगरचं तर याहून विचित्र. लोणावळ्यात चहाची गाडी लावणारे एक दादा होते. टाळेबंदी उठल्यानंतरचे ते दिवस. धंदा निम्म्यावर आला, म्हणून त्यांनी गोळी बंद केली नाही, जेवण बंद केलं. सकाळी शुगरची गोळी घ्यायचे आणि दुपारपर्यंत नुसत्या चहावर काढायचे. एका दुपारी गाडीशीच घामाने चिंब झाले, हात थरथरायला लागले, गिऱ्हाईकाला भलतंच काही बोलले आणि खाली बसले. बघणारे म्हणाले, दिवसाढवळ्या प्यायला लागला. त्यांच्या पुतण्याने तोंडाचा वास घेतला, दारू नव्हती. आमच्याकडे फोन आला तेव्हा ते शुद्धीवर होते. समोर साखरेचा डबाच होता. तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजायला सांगितलं. पंधरा मिनिटांत माणूस ओळखीचं बोलायला लागला. मग बिस्किटं, मग भाकरी.

ग्लिमेपिराइडसारख्या काही गोळ्या आणि इन्सुलिन पोटात अन्न नसलं तरी साखर खाली ओढत राहतात. घाम, थरथर, धडधड, चिडचिड, बरळणं ही साखर उतरल्याची खूण. शुद्ध असेल तर साखर द्या. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालू नका, कुशीवर वळवा आणि १०८ बोलवा. आणि जेवण कमी झालं असेल तर डॉक्टरला तसं सांगा, "साहेब, सध्या दुपारचं जेवण होत नाही." यात लाजण्यासारखं काही नाही. गोळीचं प्रमाण जेवणावर ठरतं. तुम्ही सांगितलं नाही तर डॉक्टर तुम्ही तीन वेळा जेवता असं धरूनच लिहिणार.

बाईच्या ताटाचं काय सांगावं? आम्ही घरोघर गेलो की चुलीकडे बघतो. मंदीत भाकऱ्यांची संख्या कमी होते ती सगळ्यांत शेवटी जेवणाऱ्याच्या वाट्याची. आणि भूक मारायला मिश्री आहेच. दिवसातून दोनदा लावणारी बाई पाचदा लावायला लागली, की समजावं घरात काहीतरी बिनसलंय. मिश्रीने भूक मरते, रक्त वाढत नाही आणि तोंडाच्या कॅन्सरची वाट मोकळी होते. ती सुटायला वेळ लागतो, हे आम्ही जाणतो, पण निदान भुकेच्या जागी तिला बसवू नका.

पैसे कमी असताना पोट कसं भरायचं, हे आपल्या आज्यांना आपल्यापेक्षा जास्त कळत होतं. पावसाळ्यात मावळात टाकळा, कुर्डू, फोडशी, भारंगी उगवते. बाजारच्या महाग भाजीपेक्षा ती वाईट नाही, फक्त ओळखणाऱ्या जाणत्या बाईबरोबर जाऊन तोडा. शेंगदाणे, मसूर, हरभरा आणि आठवड्यातून दोन-तीन अंडी एवढं जमवलं तरी अंगात ताकद टिकते. रेशनचं धान्य १ जानेवारी २०२३ पासून मोफत आहे. प्राधान्य कार्डावर माणशी ५ किलो, अंत्योदय कार्डाला घरटी ३५ किलो. सून आली, नातवंड झालं आणि कार्डावर नाव चढवलं नसेल तर महिन्याचे ५ किलो दर नावामागे तुम्ही सोडताय. टपरीवर न खपलेली कणसंच रात्रीचं जेवण म्हणून खायची सवय बऱ्याच घरांत दिसते. एखाददिवशी ठीक, पण रोजची नको. मुलांच्या अंगाला डाळ-अंडं लागतं. घरात शुगरवालं माणूस असेल तर कणीसही मोजूनच.

जाता जाता एक सांगतो. कोळसा वाचवायला काही जण शेगडीत प्लास्टिक, टायरचे तुकडे घालतात. तो धूर तुमच्याच छातीत जातो. आणि टपरी आवरल्यावर निखाऱ्यांची शेगडी ऊब म्हणून बंद खोलीत नेऊ नका. त्या वायूला वास नसतो आणि झोपलेला माणूस उठत नाही.

आता गल्ल्याकडे येऊ. आरोग्याच्या पानावर हिशेबाच्या गोष्टी कशाला, असं कोणी म्हणेल. वॉर्डात पेशंटच्या पलंगाला तापाचा तक्ता लावलेला असतो. एका दिवसाचा ताप बघून कोणी घाबरत नाही, चार दिवसांची रेघ बघतात. आमच्या टपऱ्यांना हा तक्ताच नाही. संध्याकाळी डब्यात हात घालायचा, हाताला लागेल ते घरी न्यायचं, उरेल त्यात माल आणायचा. धंदा बरा असतो तोवर हे खपतं. मंदीत माणूस मालाचे पैसे खातो आणि त्याला पत्ताही लागत नाही.

समजा, दिवसाला १,२०० रुपयांची विक्री झाली. माल, कोळसा, येण्याजाण्याचं भाडं मिळून ८०० गेले. हाती राहिले ४००. आणि घरी तुम्ही सवयीने ६०० नेताय. म्हणजे रोज २०० रुपये भांडवलातून गेले. महिन्यात ६,०००. मग महिन्याअखेर 'माल भरायला पैसे नाहीत' म्हणून कर्ज काढायचं आणि दोष नशिबाला द्यायचा. साधी शाळेची वही घ्या. रोज तीन आकडे लिहा: माल कितीचा, विक्री किती, घरी किती नेले. टपरीचा डबा वेगळा, घरचा डबा वेगळा. दोन आठवड्यांत रेघ दिसते. घरी ४०० च्या वर नेता येत नाहीत हे कागदावर दिसलं, की मग घरात बसून बोलता येतं. आमचा अनुभव असा, की आकडा कळल्यावर माणसाला झोप बरी लागते, आकडा वाईट असला तरी. अंधारात मोजलेलं कर्ज नेहमी जास्त वाटतं.

सिगालोवाद सुत्तात तथागतांनी गृहस्थाला मिळकतीचे चार भाग करायला सांगितले आहेत. एक भाग खाण्यापिण्याला, दोन भाग धंद्यात आणि चौथा अडचणीच्या दिवसासाठी बाजूला. विहारात हे आपण ऐकतो. पण त्यात धंद्याला निम्मा वाटा ठेवलाय हे ऐकून सोडून देतो. अर्थात चार भाग करायला आधी गल्ल्यात काही पडायला हवं, हेही खरं. म्हणून आम्ही बायांना एवढंच सांगतो की हंगामातल्या बऱ्या रविवारी चौथा भाग बचत गटात टाका, घरात ठेवू नका. आणि त्या चौथ्या भागातून पहिला खर्च पावसाळ्यानंतरच्या औषधाचा धरा.

नाशवंत माल मंदीत पोत्याने घ्यायचा नाही. कुरवंड्याकडच्या दोघी जावांनी एक पोतं कणसं निम्मं निम्मं वाटून घ्यायला सुरुवात केली. आधी दोघी शेजारी टपरी लावून एकमेकींचं गिऱ्हाईक ओढायच्या, बोलणंही बंद होतं. आता एक कणसं ठेवते, दुसरी चहा. भांडण मिटलं असं आम्ही म्हणत नाही, पण कणसं फेकावी लागत नाहीत.

कर्जाबद्दल एक गणित डोळ्यांपुढे ठेवा. 'दहा हजार घे, रोज शंभर दे, शंभर दिवसांत फिटलं' असं डेली कलेक्शनवाला सांगतो. ऐकायला सोपं. पण हातात देताना तो १,५०० आधीच कापून घेतो. म्हणजे मिळाले ८,५०० आणि फेडले १०,०००, तेही पहिल्या दिवसापासून परत द्यायला लागून. वर्षाच्या व्याजात मांडलं तर हे शेकडा १२० च्या आसपास जातं. गिऱ्हाईक असो नसो, शंभरची नोट संध्याकाळी काढून ठेवावी लागते आणि ती बहुतेक वेळा औषधाच्या पैशातून निघते. महाराष्ट्रात सावकारीचा कायदा २०१४ पासून लागू आहे. परवान्याशिवाय सावकारी करता येत नाही आणि तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे करता येते. एकट्याने जायला भीती वाटत असेल तर आम्हाला सांगा, दहा जणी मिळून जाऊ.

सरकारी कर्जाचं म्हणाल तर पीएम स्वनिधी योजना १ जून २०२० ला पथविक्रेत्यांसाठी सुरू झाली. तारण लागत नाही. पहिलं कर्ज १०,००० चं होतं, २०२५ मध्ये ते १५,००० झालं. फेडलं की २५,०००, मग ५०,००० आणि वेळेवर फेडलं तर व्याजात सवलत. पण यात एक मेख आहे. योजना मुळात शहरातल्या विक्रेत्यांसाठी आहे. लोणावळा नगरपरिषदेच्या हद्दीत गाडी लावणाऱ्याचं नाव पाहणीत येतं, गावच्या ग्रामपंचायत हद्दीत टपरी असलेल्याचं सहसा येत नाही. गिऱ्हाईक तेच, पाऊस तोच, हद्द वेगळी. आता शहरालगतचा भागही टप्प्याटप्प्याने घ्यायचं ठरलंय. म्हणून पंचायतीत आणि नगरपरिषदेत दोन्हीकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. मुद्रा योजनेतलं शिशू कर्ज ५०,००० पर्यंत आहे, त्याला हद्दीची अडचण नाही. नवबौद्ध कुटुंबांसाठी महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळाच्या अनुदान आणि बीजभांडवल योजना आहेत. जातीचा दाखला आणि उत्पन्नाचा दाखला मंदी यायच्या आधी काढून ठेवावा, कारण मंदीत दाखल्यासाठी चकरा मारायला गाडीभाडंही नसतं.

दवाखान्याचं मात्र सोपं झालंय आणि ते फार थोड्यांना माहीत आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, जिल्हा रुग्णालय इथे, तपासणी आणि उपचार मोफत आहेत. केसपेपरचेही पैसे नाहीत. बीपी-शुगरच्या गोळ्या शक्यतो महिन्याच्या एकदम मागा, दर आठवड्याला टपरी बंद ठेवून जाणं परवडत नाही असं सांगा. मोठ्या आजारात महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार आहेत. रेशनकार्ड आणि आधारवरचं नाव जुळतंय का, ते आजच बघा.

आता जे बोलायला सगळ्यांत जड, ते. धंदा बसला की बाई रडते, भांडते, शेजारणीला सांगते. पुरुष गप्प होतो. पहाटे तीनला जाग येते आणि मग झोप नाही. जेवणावरून मन उडतं. मुलांवर खेकसतो. फोन उचलत नाही, कारण फोन वसुलीचा असेल. आधी रविवारी घेणारा रोज घ्यायला लागतो. घरातल्यांना वाटतं, माणूस बदलला. माणूस आजारी आहे. हे दोन आठवड्यांहून जास्त चाललं तर तापाला दाखवतो तसं दाखवायला हवं.

लाज या आजारात तेल ओतते. 'मला धंदा जमला नाही' ही ती लाज. परदेशातून अर्थशास्त्र शिकून आलेल्या बाबासाहेबांनी मुंबईत शेअर-गुंतवणुकीचा सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला होता. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळल्यावर गिऱ्हाईक आलं नाही आणि व्यवसाय बंद करावा लागला. १९१८ मध्ये ते सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. बाबासाहेबांचाही धंदा चालला नव्हता, आणि तो का चालला नाही ते आपल्याला ठाऊक आहे. टपरीवरच्या बाईला आडनाव विचारून मग चहा घेणारे आजही आहेत. तेव्हा गल्ला रिकामा दिसला की सगळा दोष स्वतःच्या कपाळी मारून घेऊ नका.

घरातलं माणूस 'मी नसलो तर बरं होईल' अशा अर्थाचं काही बोललं, तर 'असं अभद्र बोलू नये' म्हणून विषय तोडू नका. शेजारी बसा आणि सरळ विचारा, "जीव द्यावासा वाटतो का?" विचारल्याने कुणाच्या डोक्यात नवा विचार जात नाही. बहुतेक माणसांना कोणीतरी विचारलं याचंच हायसं वाटतं. त्या रात्री त्यांना एकटं ठेवू नका, उंदराचं औषध, फवारणीचं औषध घराबाहेर शेजाऱ्याकडे ठेवा आणि १४४१६ वर फोन लावा. ही टेलीमानसची मोफत सरकारी सेवा आहे, दिवसरात्र चालते, मराठीत बोलता येतं. दुसऱ्या दिवशी सरकारी दवाखान्यात न्या. आमच्या ओळखीतले एक केस कापणारे दादा या वाटेवरून परत आलेत. टाळेबंदीत त्यांच्या दुकानाचं भाडं थकलं होतं. त्यांच्या बायकोने हे तीन प्रश्न विचारले: झोप लागते का, जेवण जातं का, जगावंसं वाटतं का. तिसऱ्या प्रश्नाला ते रडले. आज ते दुकान दुसऱ्याबरोबर अर्ध्या भाड्यात चालवतात आणि रोज रात्री एक गोळी घेतात. ती मनाच्या आजाराची आहे, हे गिऱ्हाईकालाही सांगतात.

कुरवंड्याच्या ताईंना आम्ही त्याच दुपारी खाली नेलं. शेगडी विझवायला तयार नव्हत्या. शेजारच्या टपरीतल्या पोराने "मी बघतो, मावशी" म्हटलं तेव्हा उठल्या. डॉक्टरांनी गोळी सुरू केली, महिन्याच्या गोळ्या फुकट मिळाल्या. घरी लेकाला पहिल्यांदाच कळलं, की आईने गोळी बंद केली होती. तो चिडला, मग गप्प बसला, मग म्हणाला की त्याच्या हप्त्यासाठीच तिने केलं असणार.

सप्टेंबरात आम्ही पुन्हा गेलो. गर्दी बऱ्यापैकी होती, दोन शेगड्या पेटलेल्या होत्या. ताईंनी गोळ्यांचं पाकीट गल्ल्याच्या डब्यात चिल्लरच्या खणात ठेवलंय. डबा उघडला की आधी गोळी, मग बोहनी. बीपी १३८ वर ८६. आम्ही चौघींनी कणसं घेतली. आमच्या कणसांना मीठ अगदी नावाला लावलं होतं. "तुम्हीच सांगितलंत ना," म्हणाल्या. पैसे मात्र पुरते घेतले. वहीत लिहायचे होते.